नत्थूच्या नावाचा नारळ

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीनदा लोकांसाठी उघडतो, आणि त्या तीनही दिवशी मला ताप यावा असं मला मनापासून वाटतं. यंदाच्या सव्वीस जानेवारीला तो आला नाही. सकाळी आठलाच मी आधार कार्ड हातात धरून रांगेत उभा होतो. पुढे माझी मुलगी अश्लेषा, मागे काठी टेकत आलेले माझे सासरे वामनराव, आणि मधे मी, जात्यात सापडलेल्या दाण्यासारखा.

झालं होतं असं. पंचवीस वर्षांपूर्वी मी बेसा या आमच्या गावाहून कामठीला कामिनीला पाहायला गेलो. पोहे खाता खाता वामनरावांनी आपल्या घराण्याचं पुराण सुरू केलं. कोण भोसल्यांच्या घोडदळात होता, कोणाला दरबारातून पागोटं मिळालं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "अन् तुमच्या घराण्यात कोण होतं, दुर्गेशराव?" माझं मोटरपंपाचं दुकान नुकतंच उघडलं होतं, सांगण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "आमचा नत्थू. अठराशे सतराच्या लढाईत याच सीताबर्डीच्या टेकडीवर पडला. आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूनं लढताना." लग्न तिथेच ठरलं.

खोट्याला पाय नसतात म्हणे. माझ्या खोट्याला चार फुटले. वामनरावांनी नत्थूच्या हातात तलवार दिली, कामिनीने त्याच्या मागे दोन लहान लेकरं ठेवली. अश्लेषा त्याची गोष्ट ऐकून रोज रडत झोपायची, आणि त्याच्यापायीच तिने एम.ए.ला इतिहास घेतला. आज तिच्या कॉलेजचे चाळीस जण किल्ला पाहायला आले होते आणि तटावर उभं राहून ती त्यांना नत्थूबद्दल सांगणार होती. तिच्या चारुशीला मॅडम तेच पुढे कॉलेजच्या पुस्तकात छापणार होत्या. एकदा छापलं आणि उद्या कोणी खोदून पाहिलं, तर खोटारडी माझी पोर ठरणार होती, मी नाही. 

रांग सरकली.

"जवाईबापू, नत्थू पडला ते जागा मले दाखवजा बरं," वामनराव मागून म्हणाले. त्यांनी पिशवी उघडून दाखवली. "नारळ आणला मी. पंचवीस वर्षं झाले, राहूनच गेलं."

तेवढ्यात रांगेत पुढे उभ्या असलेल्या चारुशीला मॅडम वळल्या. "तुम्हाला हे नत्थूचं कोणी सांगितलं होतं? वडिलांनीच ना? तसं लिहावं लागेल."

"हो, वडिलांनीच," मी म्हणालो. 

वडिलांनी सांगितलं होतं खरं, पण वेगळंच. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. सायकलच्या दांड्यावर मला बसवून बाबा या टेकडीखालून चालले होते. "थो तट दिसते का?" ते म्हणाले होते. "लढाई जिंकल्यावर इंग्रजायनं पक्का केला. आपल्या खापरपणज्यानं त्याचे गोटे डोक्यावर वाहिले. एक पायावर पडला, तं जलमभर लंगडला." मी खारे फुटाणे खाण्यात गुंग होतो. पण लाज वाटली होती, ती अजून आठवते. भोसले हरले आणि आमचा माणूस जिंकणाऱ्यांचे दगड वाहत होता. हे कामठीच्या बैठकीत कोण सांगणार?

फाटक आता दहा माणसांवर आलं. मी अश्लेषाला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"अश्लेषा, ऐक वं. नत्थूचं सांगू नको."

"काहून?"

"नत्थू नव्हताच."

ती हसली. मग माझा चेहरा पाहून थांबली. "काय बोलून राहिले बाबा तुमी?"

मी सगळं सांगितलं. पोहे, पागोटं, लंगडा खापरपणजा. पंचवीस वर्षांचं खोटं दोन मिनिटांत सांगून संपलं.

"अन् नत्थू हे नाव कुठून आणलं?"

"माझ्या मामाचा बैल होता."

मला वाटलं, निदान यावर ती हसेल.

"म्हणजे लहानपणी मी बैलासाठी रडत होती का बाबा?" एवढं विचारून ती वळली, कार्ड दाखवून आत गेली आणि मागे पाहिलं नाही.

फाटकावरच्या जवानाने नारळ उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. चढावर वामनराव दर दहा पावलांनी विचारायचे, "इथं का?" मी म्हणायचो, "पुढं आहे, मामाजी."

वर तटाजवळ सगळे गोळा झाले. खाली रेल्वे स्टेशन, बर्डीचा बाजार, आणि पार धुक्यात गेलेलं शहर. अश्लेषाने लिहून आणलेला कागद काढला, पाहिला आणि घडी करून परत ठेवला.  ती माझ्यासाठी खोटं बोलेल याची मला भीती वाटत होती, आणि खरं बोलेल याचीही.

तिने तटाच्या दगडावर हात ठेवला. "मी तुम्हाला एका वीराबद्दल सांगणार होते. तो कधी नव्हताच. पण लढाईनंतर या तटाचे दगड ज्यांनी वाहिले, त्यांच्यात आमच्या घरचा एक माणूस होता. एक दगड त्याच्या पायावर पडला आणि तो जन्मभर लंगडला. आमच्या घरात त्याच्याबद्दल एवढंच उरलं आहे."

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मॅडमनी वही उघडली. "नाव काय त्यांचं?"

अश्लेषाने माझ्याकडे पाहिलं. मग बाकीच्या सगळ्यांनी पाहिलं.

बाबांनी नाव सांगितलं होतं. नक्की सांगितलं होतं. पण त्या जागी मला फक्त फुटाण्यांची खारट चव आठवते. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. ते होते तोवर घरात रोज नत्थूचं कौतुक चालायचं आणि ते कोपऱ्यात गप्प बसून ऐकायचे. मी त्यांना एकदाही विचारलं नाही.

"सांगा ना बाबा," अश्लेषा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

"मले माहीत नाही," मी म्हणालो.

 वामनराव काठीवर भार देत तटापाशी गेले, खाली वाकले आणि पिशवीतून नारळ काढला.

"मंग हा कोणाच्या नावानं फोडू, जवाईबापू?"