खोचलेली चादर

"दुसरा मजला, सतरा नंबर. सांभाळून हं मावशी, आत काचेची बरणी आहे," असं म्हणत एका उंच मुलीच्या वडिलांनी होस्टेलच्या दारातच बॅग आयाबाईंच्या हातात दिली. आणि आयाबाईंनी ती घेतली. बत्तीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात आया म्हणून काढल्यावर हात आधी पुढे होतात, डोकं मागून येतं. दोन जिने चढून त्यांनी बॅग सतरा नंबरात नेली, खिडकीजवळच्या कॉटखाली सरकवली. वडील खिशात हात घालू लागले, तशा त्या समोरच्या कॉटवर टेकल्या आणि रुमालाने घाम पुसत म्हणाल्या, "राहू द्या. मला इथंच यायचं होतं. मी हिची रूममेट. पहिलं वर्ष."

वडील मुलीकडे बघत राहिले, मुलगी पंख्याकडे.

त्या मुलीचं नाव पहिल्याच संध्याकाळी लंबू पडलं. मजल्यावरच्या प्रत्येकीला दोन दिवसांत काही ना काही टोपणनाव मिळालं. आयाबाईंना मिळालं नाही. त्याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

त्यांचा मुलगा त्याच शहरात राहत होता, बसने अर्ध्या तासावर. "आई, कॉलेज कर, पण घरून जा ना. ह्या वयात पोरींबरोबर अंघोळीच्या रांगेत उभं राहायची हौस कशाला?" असं त्याने चारदा विचारलं होतं. हौसच होती. वॉर्डाच्या मागच्या खिडकीतून ह्या होस्टेलच्या खिडक्या दिसायच्या. चादरी झटकता झटकता आयाबाईंनी वर्षानुवर्षं त्या पाहिल्या होत्या. कुणी केस वाळवतंय, कुणी उगाच हसतंय. एकदा तर एक मुलगी कॉटवर उताणी पडून, पाय भिंतीला टेकवून पुस्तक वाचत होती. चांगला तासभर. कुणी तिला ऊठ म्हणालं नाही. तिथं आत चालतं तरी काय, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसला. चाळिशी उलटल्यावर त्या वॉर्डातल्या नर्सबाईंकडून अक्षरं गिरवायला शिकल्या, एकेक परीक्षा पार केली आणि नोकरी संपल्यावर, साठाव्या वर्षी, ह्या दारात आल्या.

आता त्या डोळे भरून पाहत होत्या. अंघोळीच्या रांगेत मुली उभ्याच राहत नसत, बादल्या उभ्या करत, आणि बादलीचा नंबर कुणी मोडत नसे. एकीचा निळा स्वेटर एका आठवड्यात चौघींच्या अंगावर दिसला. शेजारच्या खोलीतली मुलगी रोज चार वाजता जिन्यात बसून घरी फोन करायची, "मजेत आहे गं" म्हणायची, आणि फोन ठेवून रडायची. मग तोंड धुऊन कॅरम खेळायला जायची. कुणी तिला काही विचारत नसे. फक्त पहिली सोंगटी तिला मारू देत.

लंबूसाठी आपणही काही करावं असं आयाबाईंना वाटलं. त्यांच्या हाताला येत होतं ते एकच. सकाळी लंबू मैदानावर धावायला गेली की त्या तिचं अंथरूण आवरत. चादर ओढून, कोपरे दुमडून गादीखाली असे खोचत की सुरकुती औषधालाही सापडू नये.

बाराव्या दिवशी रेक्टर मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं.

"तुमच्या रूममेटने खोली बदलायचा फॉर्म नेलाय. शनिवारी दुपारी बारापर्यंत मुदत आहे. तिने दिला, तर सतरा नंबर मी दुसऱ्या दोघींना देईन. पण तुम्ही काळजी करू नका. तुमच्यासाठी खालची पाहुण्यांची खोली आहे. एकट्या राहाल. जिने नाहीत, बाथरूम आतच."

"म्हणजे बादल्यांची रांग नाही?"

"अजिबात नाही!" मॅडमना वाटलं, आपण खूशखबर दिली.

आयाबाई जिना चढून आल्या, तेव्हा लंबू डुगडुगत्या टेबलाशी बसली होती. फॉर्म समोरच होता.

"माझं काय चुकलं ते सरळ सांग," आयाबाई म्हणाल्या. "मी घोरते का?"

"घोरता. पण त्याचं काही नाही."

"मग?"

लंबू पेनचं टोपण चावत राहिली. "तुम्ही माझं अंथरूण आवरता."

"अगं, ते तर..."

"इतकं घट्ट खोचता की पाकिटात शिरल्यासारखं वाटतं. मी काय पेशंट आहे? मुली मुद्दाम बघायला येतात. तुम्हाला पाकीटबाई म्हणतात सगळ्या."

"मला नाव पडलं?" आयाबाई क्षणभर सगळं विसरल्या. "कधी?"

"मावशी, मी चेष्टा करत नाहीये." लंबूचा आवाज बारीक झाला. "घरी आई आवरायची. आवरताना उशी उचलायची. खाली माझी वही असायची. मग जेवताना त्यातलंच काहीतरी आडून निघायचं. म्हणून तर एवढ्या लांब आले. आणि इथं पहिल्याच सकाळी बघते, तर उशी सरळ केलेली."

वही आयाबाईंनी पाहिली होती. लाल पुठ्ठ्याची. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

"पाहिली. उघडली नाही. खरं सांगू? हाताने लिहिलेलं एक पान लावायला मला पाव तास लागतो. चोरून वाचणं मला झेपायचंच नाही."

लंबूला हसू फुटलं, ते तिने दाबलं. "आणि झेपलं असतं तर?"

हे मात्र वर्मी बसलं. आत काय चालतं ते बघायलाच तर त्या आल्या होत्या.

"मोह झाला असता," त्या म्हणाल्या.

लंबूने फॉर्म फाडला नाही की भरलाही नाही. "बघते," एवढंच म्हणाली.

शनिवारी लंबू धावायला गेली. तिथूनच ती प्रॅक्टिकलला जाणार होती. टेबलावर फॉर्म नव्हता. अंथरूण तेवढं होतं. चादर अर्धी जमिनीवर, पांघरुणाचा बोळा, त्यात एक मोजा, आणि वाकड्या उशीखालून डोकावणारा लाल कोपरा. आयाबाईंचे हात शिवशिवू लागले. वॉर्डात त्या शेवटची चादर ओढत, ती एक तर पेशंट घरी गेला म्हणून, नाहीतर कायमचा गेला म्हणून. विस्कटलेल्या अंथरुणात माणूस परत येणार असतो, हे त्यांना तिथं उभ्या असताना पहिल्यांदा सुचलं.

त्यांनी हात पाठीमागे बांधले. थोड्या वेळाने सोडले आणि स्वतःच्या कॉटकडे वळल्या. आपली चादर त्यांनी कोपऱ्याकोपऱ्याने उपसून काढली. एक कोपरा ऐकेना, दोन्ही हातांनी ओढावा लागला. मग पिशवी उचलून त्या तासाला गेल्या.

साडेबाराला लंबू आली, तेव्हा आयाबाई तासावरून येऊन पुस्तक घेऊन बसल्या होत्या. दारातच थांबून तिने आधी आपली कॉट पाहिली, मग समोरची.

"हे काय मावशी? तुमच्या कॉटवर कुस्ती झाली की काय?"

"असू दे. आवरीन कधीतरी."

लंबूने खांद्यावरची पिशवी उतरवली. आतून फॉर्म काढला, त्याच्या चार घड्या घातल्या, वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली सारला आणि टेबल हलवून बघितलं. ते हललं नाही.

"जेवायला येताय? आज रांग मोठी आहे."

"तू जा, माझी थाळी रांगेत ठेव. एवढं पान संपवते."

लंबू गेली. आयाबाई चुरगळलेल्या चादरीवर उताण्या पडल्या. गुडघे कुरकुरले, तरी एकेक करून त्यांनी दोन्ही पाय भिंतीला टेकवले आणि पुस्तक उघडलं. पलीकडे, वॉर्डाच्या मागच्या खिडकीत कुणीतरी चादर झटकत होतं. झटकता झटकता थांबलं.

आयाबाईंनी पान उलटलं.