पांढऱ्यावर पांढरं

ज्या सरसाच्या कारखान्यात बाबांचा जीव गेला, तिथल्या साहेबांच्या खोलीत गुलाबाचा फवारा मारलेला होता. कातड्यांच्या कुजट वासावर गुलाब. तो कुजट वास बाबांच्या कपड्यांना आयुष्यभर यायचा, मला कधी त्याची किळस आली नाही. गुलाबाची आली.

साहेबांनी चौकशीचा अहवाल माझ्यापुढे सरकवला. वाचल्याची सही करायची होती. त्यातलं एक वाक्य काढून घ्यायला मी आले होते: ‘मृत कामगाराने फलक न पाहता टाकीत प्रवेश केला.’ निघताना आईने एवढंच सांगितलं होतं, की माणूस गेला तो गेला, पण त्याला वेंधळा ठरवून जाऊ देऊ नकोस.

बाबा वेंधळे नव्हते. बाहेर पडताना गॅसचं बटण बघायचे, चपला घातल्यावर परत आत येऊन पुन्हा बघायचे. बटणाला नजर लागेल तुमची, असं आई म्हणायची. कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत. उतरण्याआधी हा मामा भाच्यांना शाळेसारखं फलकापुढे उभं करतो, अशी त्यांची चेष्टा चालायची.

फलक म्हणजे नियंत्रण कक्षातला मोठा पडदा. त्यावर एक स्प्रेडशीट. प्रत्येक टाकीला एक ओळ, आणि टाकीतलं यंत्र मोजेल तो विषारी वायूचा आकडा पुढच्या पुढच्या चौकोनात. आकडा मोठा असला की उतरायचं नाही. चौकोन रिकामा असला की टाकी उपसून, धुऊन, वारा देऊन ठेवलेली आहे आणि यंत्र काढून घेतलेलं आहे, खुशाल उतरा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. जुन्यांनी नव्यांना सांगायचं, अशी रीत होती. मला ते बाबांनी जेवताना सांगितलं होतं.

मी फलक बघायचा म्हटलं. साहेब नाइलाजाने घेऊन गेले. शीट सांभाळणाऱ्या बाईंनी त्या दिवसाचं पान पडद्यावर आणलं. बाबांच्या टाकीच्या ओळीत थोडे आकडे होते आणि मग काहीच नाही.

साहेब म्हणाले, बघा, आकडाच नव्हता, तरी उतरले. मी त्यांना रिकाम्या चौकोनाचा अर्थ सांगितला. असा काही नियम ऑफिसला माहीत नाही, असं ते म्हणाले. बावीस वर्षं ज्यावर माणसं टाकीत उतरत होती, तो नियम ऑफिसला माहीत नव्हता.

मी बाईंना विचारलं, त्या दिवशी टाकी धुतलेली होती का. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. नव्हती. यंत्राची वायर तुटली होती.

“वायर तुटली की शीटवर काय दिसतं?”

“एरर येते.”

“मग ती कुठे आहे?”

“आहे की. तिथेच आहे,” बाई म्हणाल्या. “अक्षरं पांढरी केलीत.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. कारखाना बघायला पाहुणे यायचे. पडद्यावर जागोजागी एरर दिसायच्या. देवीचे व्रण उठलेलं तोंड दिसतंय, असं साहेब म्हणाले होते. म्हणून बाईंनी अशी सोय केली, की कुठल्याही चौकोनात एरर आली की तिची अक्षरं आपोआप पांढरी व्हावीत. सांगताना त्यांच्या आवाजात किंचित अभिमान आला, मग तो त्यांनाच ऐकू आला असावा. माऊस हलवून त्यांनी ती सोय काढली. ओळीत काळी अक्षरं उमटली. एकाला एक चिकटून, पार शेवटपर्यंत.

भीतीपोटी, प्रेमापोटी, हावेपोटी बोललेलं खोटं मी पुस्तकांतून खूप वाचलंय, पुष्कळदा माफही केलंय. हे तसं नव्हतं. घरात उंदीर मेलाय आणि पाहुणे येणार, म्हणून त्यावर सतरंजी अंथरावी, तसं होतं. बाबा त्या सतरंजीवरून चालत गेले.

काचेपलीकडे पुढच्या पाळीची माणसं थबकून पडद्याकडे बघत होती. साहेबांनी दार लावलं आणि आवाज खाली आणला.

“ताई, ते वाक्य तुम्हाला खुपतंय, मला कळतं. बाई, यांच्या प्रतीत तेवढं पांढरं करून द्या.”

हे ते चांगुलपणाने म्हणाले. बाईंचा हात सवयीने माऊसकडे गेलासुद्धा. मी टेबलाची कड धरून उभी राहिले.

“माझ्या नाही, सगळ्यांच्या प्रतीतून काढा,” मी म्हटलं. “पांढरं नाही. काढा.”

साहेब वर विचारावं लागेल म्हणाले. विचारा, मी इथेच बसते, असं म्हणून मी खुर्ची ओढली. काचेपलीकडची माणसं हलली नव्हती. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, बाहेर जाऊन फोन केला आणि येऊन बाईंना मान हलवून खूण केली.

नवा अहवाल आला. मी तो खिडकीशी नेऊन तिरका धरून पाहिला. त्यातही काही पांढरं केलंय का, हे बघायची वेळ माझ्यावर आली होती. ते वाक्य नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं: ‘फलक पाहून, चौकोन रिकामा असल्याने कामगार टाकीत उतरला.’

आईसाठी हे पुरलं असतं. मी पेन मागितलं आणि समासात लिहिलं: ‘चौकोन रिकामा नव्हता. त्यातली अक्षरं पांढरी केलेली होती.’ त्याखाली सही केली.

साहेबांनी कागद उचलून पाहिला.

“चांगली प्रत होती,” ते म्हणाले. “खराब केलीत.”