कपाळावरचं रेशीम

ऑपरेशन थिएटरमधल्या दोऱ्यांच्या कपाटाला पाच खण होते आणि मोठ्या सरांना त्यातला एकच पुरेसा वाटे. तो रेशमाचा. "रेशीम हाताला कळतं," असं ते म्हणत. त्यांच्या हाताला कळत होतं यात वादच नाही. रुग्णाच्या कातडीला काय कळतं, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

सिस्टर मात्र पाचही खणांना नात्यातल्या माणसांसारखं ओळखत. हिरवा पॉलिएस्टर म्हणजे थोरले काका: दणकट, स्नायूला हाडाशी बांधणारी तुटलेली कंडरा धरून बसतील ती बसतीलच. निळं पॉलिप्रॉपिलीन रक्तवाहिन्या शिवायला. अंगात वर्षानुवर्षं राहील, पण कुणाशी भांडण नाही. पोलादी तार छातीचं हाड बांधायला. इथे छाती कुणी उघडतच नसे, तेव्हा ती नुसता खण अडवून होती. असं एखादं माणूस प्रत्येक घरात असतं. रेशीम मऊ, सांगाल तिथे बसणारं, पण विणलेलं, म्हणून वातीसारखं ओल आणि जंतू आत ओढणारं. आणि नायलॉन हा धाकटा दीर. सरळ हो म्हटलं की वेटोळं घेणार, दोन गाठींत ऐकणार नाही, पाच मारा. पण निघताना कातडीतून असा सुळकन निघेल की मागे खूण नाही.

यातला कुठलाच दोरा विरघळणारा नाही. कातडीवरचे टाके काढावेच लागतात. सरांचे जाड रेशमी टाके दहाव्या दिवशी निघत आणि मागे शिडीसारखे वण ठेवून जात. त्याला सर "ऑपरेशनची पावती" म्हणत.

गेल्या वर्षी त्यांनी मागणीपत्रकातून नायलॉन खोडलं. शेरा मारला: "फॅशन." परत दिसलं तर सिस्टरांची बदली चादरींच्या गोदामात, असंही सांगितलं. सिस्टरांनी मान डोलावली आणि एक पाकीट कपाटामागे सरकवलं.

ते बाहेर काढायची वेळ एका मंगळवारी सकाळी आली. सात वर्षांची मुलगी, झोपाळ्याची लोखंडी कड लागून गालावर दोन बोटं लांब चीर. सोबत आई, कपडे शिवणारी. आत येताच तिची नजर ट्रेवर गेली.

"सिस्टर, हा दोरा गालाला? अशानं मी गाद्यांच्या खोळी शिवते!"

"हळू बोला. सर येतायत."

"येऊ देत की. गाल पोरीला जन्मभर वापरायचाय, त्यांना नाही."

सिस्टरांनी ट्रेवरचं रेशमाचं पाकीट उचललं आणि कपाटामागे हात घातला.

सर आले, मागून धाकटे डॉक्टर. सर स्टुलावर बसले, दिवा अगदी खाली ओढला आणि ट्रेकडे पाहून थांबले.

"हे काय?"

"नायलॉन, सर. सगळ्यात बारीक."

"माझ्या थिएटरमध्ये फॅशन?" असं म्हणत सर संपूर्ण अधिकारानिशी ताडकन उठले. दिव्याला त्यांचा अधिकार माहीत नव्हता. तो जिथल्या तिथे राहिला.

सरांच्या कपाळाच्या उजव्या बाजूने रक्ताची धार लागली. सिस्टरांनी गॉझ दाबला, उचलून पाहिला.

"दीड बोट आहे. टाके लागतील."

पंधरवड्यानंतर मोठ्या दालनात लावायला सरांचा फोटो काढला जाणार होता. चौकट आधीच तयार होती. सरांचा आवाज एकदम घरचा झाला.

"सिस्टर... ते पाकीट एकच आहे का हो?"

"एकच. आणि एक पाकीट, एक रुग्ण, हा नियम तुमचाच."

"लहान मुलांची कातडी कशीही भरून येते."

आईने पोरीचा हात घट्ट धरला. सिस्टरांना चादरींचं गोदाम डोळ्यांसमोर दिसलं: खिडकी नाही, वास मात्र भरपूर. त्यांनी पाकीट टरकन फाडलं आणि धाकट्या डॉक्टरांसमोर धरलं.

"गाल शिवा, डॉक्टर. पाच गाठी. आणि सर, तुमच्यासाठी रेशीम आहेच. हाताला कळतं."

मुलीचे टाके पाचव्या दिवशी निघाले. सरांनाही आपले त्याच दिवशी काढून घ्यायचे होते. पण आदल्याच दिवशी राउंडवर त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं की दहाव्या दिवसाआधी टाके काढतो तो डॉक्टरच नव्हे. मग ते नुसतेच कपाळ खाजवत हिंडले.

दहाव्या दिवशी मायलेकी गाल दाखवायला आल्या. गालावर केसाएवढी रेघ. समोर सर, टाके नुकतेच काढलेले, कपाळावर छान सात पायऱ्यांची शिडी. मुलीने निरखून पाहिलं.

"तुम्हाला पण झोपाळा लागला?"

"अगं, गप," आई म्हणाली, आणि राहवलं नाही म्हणून विचारलंच, "सर, हे शिवलं कुणी?"

धाकटे डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

"सरांच्याच पद्धतीनं शिवलंय," सिस्टर म्हणाल्या. "पावती आहे ती."

फोटो डाव्या बाजूने काढला गेला. बदलीचा कागद काही आला नाही, मागणीपत्रक आलं. त्यावर सरांच्या अक्षरात होतं: नायलॉन, बारीक, बारा डबे. शेऱ्याच्या रकान्यात: "सिस्टरांच्या हट्टामुळे."

सिस्टरांनी डबे मोजून घेतले, खण भरला आणि एक पाकीट पुन्हा कपाटामागे सरकवलं.