बोलका कॅमेरामन

दिग्दर्शिकेने हेडफोन उतरवला आणि काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टला थांबायची खूण केली. पडद्यावरची जुनी शॉर्टफिल्म जिन्याच्या शॉटवर थबकली. म्हातारी वर निघून जाते आणि कॅमेरा तिच्यामागे न जाता रिकाम्या पायऱ्यांवरच रेंगाळतो, तो शॉट.

"हा मला सुचला होता," ती म्हणाली.

"तुला? तू तर 'कट' म्हणून ओरडत होतीस."

कॅमेरामन तिचा एकेकाळचा नवरा. वेगळे होऊन इतकी वर्षं लोटली होती की भांडायचीसुद्धा सवय मोडली होती. हीच फिल्म पुन्हा बाजारात येणार होती, सोबत दृश्यांवर बोलणारी दोघांची कॉमेंटरी हवी होती, म्हणून ते आज शेजारी बसले होते. तिला या बोलण्याचा वीट आला होता. जाईल तिथे तेच प्रश्न, तेच किस्से. आणि हा! संसारात सदा मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस आज घोगऱ्या आवाजात, मधूनमधून खोकत, थांबायचं नाव घेत नव्हता.

"सर, मॅडम, दोघं एकदम बोलताय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पाच मिनिटं थांबू या."

बाहेरच्या बोळात कॅमेरामन भिंतीला टेकून पाणी पीत होता. एकेक घोट जपून.

"आज तोंडाचा पट्टा भारी सुटलाय तुझा," ती म्हणाली.

"सोमवारी ऑपरेशन आहे." त्याने गळ्याकडे बोट केलं. "स्वरयंत्र काढणार आहेत."

तिची नजर त्याच्या बोटामागे गेली. मग म्हणाली, "आणि नंतर?"

"नंतर काय, पूर्वीसारखाच. तुला तर सवय आहे."

तिला हसू आलं नाही. तिने त्याच्या हातातला ग्लास घेतला, आणि तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना.

"म्हणून हो म्हणालास होय?"

"आवाज कुठेतरी राहील, म्हटलं. बाकी ठिकाणी मी बोललोच कुठे?"

आत जाऊन दोघं पुन्हा बसले. ग्लास तिच्याच हातात होता, तो तिने पायाशी ठेवला. रेकॉर्डिस्टने फिल्म थोडी मागे घेऊन सोडली. म्हातारी जिना चढून गेली. पायऱ्या उरल्या.

"हा शॉट," कॅमेरामन माइकमध्ये म्हणाला, "हिला सुचला. मी नुसता कॅमेरा धरून उभा होतो."

तिने झटकन त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता. शॉट त्याचाच, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. ती खरं सांगणारच होती. पण तेवढं सांगितलं की विषय मिटला असता आणि फिल्म पुढच्या दृश्यावर गेली असती.

तिने रेकॉर्डिस्टला फिल्म तिथेच थांबवायची खूण केली. रेकॉर्डिंग मात्र चालूच राहू दे, असंही हातानेच सांगितलं.

"मला कसा काय सुचला रे?" ती म्हणाली. "मला आता आठवत नाही. तूच सांग. पहिल्यापासून सांग."

आणि स्वतःसमोरचा माइक तिने हलकेच बाजूला वळवला.