मुकुंदरावांच्या शेरवानीची नोकरी

मित्रांनो, मी एक जुनी काळी शेरवानी आहे. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. पत्थरगट्टीच्या शिंप्यानं मला शिवलं, तेव्हा माझी काजं बघायला शेजारचे शिंपी उठून आले होते.

मला शिवून घेतलं मुकुंदरावांनी. हैदराबादेत तेव्हा निजामाचं राज्य होतं. नामपल्लीच्या एका मोठ्या कंपनीत ते कारकून म्हणून लागले. गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी अंगात असल्याशिवाय तिथं फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नसे. उन्हाळ्यात घामानं माझं अस्तर भिजून जाई, पण वरचं बटण काढायची सोय नव्हती. मी मात्र ऐटीत होते. फाटकावरचा दरबान रोज ताठ उभा राहून सलाम ठोकी.

मुकुंदराव उर्दू, मराठी, तेलुगू अशा तिन्ही भाषांत कचेरीची पत्रं सफाईनं लिहीत. मोठे साहेब खाली सही करीत आणि शाबासकी स्वतःच घेत. बढती दर वेळी दुसऱ्यालाच मिळे. घरी मला खुंटीला अडकवताना मुकुंदराव चिडून म्हणत, "नोकरी ह्या शेरवानीची आहे, माझी नाही!"

"मग हिमायतनगरच्या मराठी शाळेत जावा की," त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई म्हणत. "कधीचे मास्तर मागायलेत ते."

"हौ, बघू पुढच्या वर्षी," म्हणून ते विषय टाळत.

मग हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं. कंपनीतली शेरवानीची सक्ती उठली, आणि त्याच सुमारास हेड कारकुनाची खुर्ची रिकामी झाली. ती आता आपलीच, असं मुकुंदरावांना वाटलं. मलाही वाटलं. साहेबांशी बोलायचंच असं ठरवून ते पहिल्यांदाच साध्या सदऱ्यात निघाले. सवय सुटेना, म्हणून माझी घडी हातावर घेतली.

फाटकावर दरबानानं हात आडवा घातला आणि कुणाकडं काम आहे, असं अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, "कौन होना तुमकू?"

मुकुंदरावांनी हातावरची घडी पुढं केली. मग त्यांनी मला उलगडून धरलं.

"अरे, मुकुंदराव साब! माफ करो, पैचान्या नहीं मैं!"

खरं सांगते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या सलामाची मी ऐट मिरवली, त्यात माझे मुकुंदराव कुठंच नव्हते.

वर साहेबांनीही विचारलं, "आप कौन?" नाव सांगितल्यावर म्हणाले, "बढती? पहले कोट-टाय सिलाओ, फिर देखेंगे."

मुकुंदराव शांतपणे म्हणाले, "इतने साल गला बंद रख्या साब, अब नक्को. मेरा आखरी सलाम लेव." आणि त्या कचेरीचा जिना ते असे झपाझप उतरले, की मी हातावरून दोनदा घसरले.

शाळेत ते सदऱ्यातच जाऊ लागले. पद्मावतीबाईंनी मला कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलं. आपलं आयुष्य संपलं, असं मी धरून चालले होते. कसचं काय! शाळेच्या संमेलनातल्या नाटकाला माझी आठवण निघाली. आता कधी मी राजा होते, कधी दिवाण.

मित्रांनो, तुमच्याही घरी ट्रंकेत कुणी माझ्यासारखं असेल. वर्षातून एकदा ऊन दाखवा, उसवलं तर टाका घाला. घालून मिरवायचं तर खुशाल मिरवा. एवढंच बघा, की आतलं माणूस झाकून जायला नको.

परवा एका लहानग्याला दिवाण केलं. त्याचं निम्मं तोंड माझ्या कॉलरमध्ये बुडालं होतं. मुकुंदराव मास्तर लगबगीनं पुढं आले, माझं वरचं बटण त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं, आणि सलाम करायला उभ्या राहिलेल्या पोरांना म्हणाले, "थांबा रे. आधी ह्याचं तोंड बघा."