दुखणं थांबलं आणि नारळ फुटले

साखराबाईच्या अंगणात त्या दुपारी अर्धं घाटनांदूर लोटलं होतं. मधोमध बाजेवर तिचा लेक उत्तरेश्वर गुडघे दुमडून उताणा पडलेला आणि त्याच्या उघड्या पोटावर पितळी तांब्या पालथा चिकटलेला. गावात आलेल्या तांब्याबाबांनी हात काढला तरी तांब्या जागचा हलेना!

"बेंबी सरकवलीय कुणीतरी," बाबा गरजले. "तांब्या सगळी करणी ओढून घेतो!"

दोन दिवस कण्हणाऱ्या उत्तरेश्वरचं पोट बाबांनी सकाळी रगडलं आणि दुखणं एकाएकी थांबलं. लगेच पाच नारळ फुटले. आता तो हलत नव्हता, तर म्हणे समाधी लागली. अंग फणफणलं, तर तेज चढलं. पोट फळीसारखं ताठ, तर आत देव बसला! बाबांकडे प्रत्येक लक्षणाला उत्तर होतं, औषध तेवढं नव्हतं. मला चीड येत होती, पण माझं ऐकतो कोण?

तेवढ्यात उपकेंद्राच्या सत्यशीला सिस्टर लसीकरणाची यादी घेऊन आल्या. उत्तरेश्वरला बघताच यादी माझ्या हातात कोंबून त्यांनी तांब्या सोडवला आणि नाडी धरली. मग पोट हळूच दाबून हात झटकन उचलला. समाधीतला उत्तरेश्वर केवढ्यानं ओरडला! स्टेथोस्कोप लावून सिस्टर म्हणाल्या, "आतडी गप पडलीत."

साखराबाई दुधाचा पेला घेऊन आली.

"थेंबबी न्हाई! पाणीसुदीक न्हाई!" सिस्टरनी पेला हिसकावला. रुग्णवाहिकेला फोन केला, डॉक्टरांना विचारून सलाइन लावलं.

"कावून न्यायचं त्याला? दुखणं तर थांबलंय," साखराबाई म्हणाली.

"मावशी, सुजलेलं अपेंडिक्स फुटलं. ताण गेला म्हणून घडीभर बरं वाटलं. आता पोटात पू पसरलाय. आज ऑपरेशन न्हाई झालं तर लेक हातचा जाईल."

साखराबाई बाबांकडे बघू लागली.

"मग तांब्या कसा काय चिकटतो?" बाबांचा पट्टशिष्य बंकट पुढे झाला.

सिस्टरनी त्यालाच ओट्यावर आडवं केलं. त्याच्या सुटलेल्या पोटावर बाबांसारखाच कणकेचा दिवा लावून तांब्या पालथा घातला. दिवा विझला, तांब्या घट्ट!

"आतली तापलेली हवा निवली की आकसते आन् कातडी वर ओढते. बंकटभाऊ, तुमच्यावर कुणी केली करणी?"

"मला काय बी झालं न्हाई! आत्ताच भजे खाल्ले!" बंकट दोन्ही हातांनी तांब्या ओढत होता. लोक हसून लोटपोट झाले आणि बाबांनी फटफटीला किक मारली.

रुग्णवाहिका येताच साखराबाईनं मात्र स्वतः बाजेचा खूर धरून लेकाला गाडीत चढवलं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऑपरेशन करून पोट धुऊन काढलं. चौथ्या दिवशी उत्तरेश्वरचा वारा सरला, आतडी पुन्हा चालू लागली. त्या आवाजावर साखराबाईनं अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले.

बाबा आता दुसऱ्या गावात असतील. म्हणून सांगतो, पोट ताठ झालं, ताप चढला आणि दुखणं अचानक थांबलं, तर नारळ आणू नका. काही खाऊ-पिऊ घालू नका, पोट चोळू नका. गाडी बोलवा. उत्तरेश्वरला आणखी उशीर झाला असता, तर पेढ्यांऐवजी तेराव्याचं जेवण झालं असतं आणि बाबा तिथंही पहिल्या पंगतीला बसले असते.