रुळांजवळची दुसरी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. अॅल्युमिनियमचे पाय, निळं कापड आणि उजव्या हाताशी पेला ठेवायला जाळीचा खिसा. कारखान्यात आम्हा दोघी बहिणींना एकाच खोक्यात भरलं आणि आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, लतिकाच्या घरी आलो. लतिका मूळची भुसावळची. इथे ती आयटीत नोकरी करते. तळ्याकाठच्या एका पिकनिकला तिने आम्हाला नेलं. त्यानंतर चार वर्षं आम्ही गॅरेजमधल्या खुंटीला लटकून होतो.

एका एप्रिलमध्ये तिचे बाबा, पुरुषोत्तमकाका, सहा महिन्यांच्या व्हिसावर आले. काकूंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. काका चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात बसून अख्खी गाडी सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. पहिला आठवडा ते घरात नुसत्या येरझारा घालत होते. एका दुपारी गॅरेजचं दार उघडं होतं. लांबून घरघर ऐकू आली तसे ते जागीच थबकले.

"मालगाडी आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि भरलेली आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना खाली काढलं, धूळ पुसली, दोन खांद्यांवर दोघींना अडकवलं आणि वीस मिनिटं चालत रुळांलगतच्या एका लहानशा बागेत नेलं. कुंपणापासून चांगली लांब जागा निवडली. माझ्या बहिणीवर ते स्वतः बसले. मला शेजारी उघडून ठेवलं.

काय उन्हाळा होता तो! एकामागे एक जोडलेली तीन-तीन इंजिनं, कंटेनरवर चढवलेले कंटेनर, कोळशाचे डबे, मक्याचे डबे. गाडी जाताना जमीन हादरायची आणि माझे पाय थरथरायचे. शेवटचा डबा दिसला की काका उठून उभे राहायचे.

तिथे वॉल्टर नावाचे एक म्हातारे गृहस्थ येत. ते एकेकाळी इंजिन ड्रायव्हर होते. पहिल्या दिवशी ते माझ्यावर बसू लागले तर काकांनी हात आडवा घातला.

"सॉरी सर. डॉटर कमिंग."

वॉल्टर हसले. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःचं स्टूल घेऊन येऊ लागले. काकांचं इंग्रजी बेताचं, पण रेल्वेची भाषा दोघांना येत होती. इथल्या मालगाडीला गार्ड नसतो, शेवटच्या डब्याला एक लुकलुकणारी लाल पेटी असते. तिच्याकडे बोट दाखवून काका एकदा म्हणाले, "माय जॉब. धिस बॉक्स." वॉल्टरना आधी हसू आलं. मग त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

लतिका मात्र आली नाही. दर शुक्रवारी काका विचारायचे, "लते, रविवारी येतेस का गं? एक गाडी बघू न् परत येऊ."

"बाबा, या वीकेंडला ऑफिसचं रिलीज आहे. नेक्स्ट वीकेंड नक्की."

मित्रांनो, ती वाईट मुलगी नव्हती. बाबांची औषधं, त्यांचं पथ्याचं जेवण, सगळं ती वेळेवर करायची. तिला वाटायचं, बाबा आहेत की इथेच. जून गेला, ऑगस्ट गेला. काका रोज मला उघडून ठेवत. स्वतःचा डबासुद्धा ते माझ्यावर ठेवत नसत.

ऑक्टोबरमध्ये त्यांचा शेवटचा रविवार आला. दुसऱ्या दिवशी विमान होतं. काकांनी माझ्या बहिणीला खाली काढलं. मग माझ्याकडे हात आला, कापडावरून एकदा फिरला आणि मागे गेला. त्या दिवशी ते एकच खुर्ची घेऊन निघाले. त्या आठवड्यात त्यांनी लतिकाला विचारलंही नव्हतं.

जानेवारीत भुसावळहून फोन आला. काका सकाळी चहा पिता पिता गेले होते. लतिकाचा व्हिसा नूतनीकरणात अडकला होता. देशाबाहेर पडली असती तर परत कधी येता आलं असतं, कुणालाच सांगता येईना. गॅरेजच्या पायरीवर स्वेटर न घालता बसून तिने फोनच्या पडद्यावर बाबांना शेवटचं पाहिलं.

बर्फ वितळल्यावर एकदा ती गॅरेज आवरायला आली. तिने आम्हा दोघींना उघडून शेजारी-शेजारी ठेवलं. उन्हाने दोघींचं कापड सारखंच विटलं होतं. पण माझ्या बहिणीचं कापड मधोमध खोल गेलं होतं आणि माझं तसंच ताठ होतं. लतिका कितीतरी वेळ बघत राहिली. मग आवरणं तसंच टाकून ती आम्हाला घेऊन बागेत आली.

वॉल्टर स्टुलावर बसले होते. आम्हाला पाहून ते उठले.

"तू लतिका," ते म्हणाले. "पुरू कसा आहे?"

तिने सांगितलं. वॉल्टरनी टोपी काढली. तेवढ्यात एक लांबलचक मालगाडी आली. ती पूर्ण जाईपर्यंत दोघं उभेच राहिले.

"ही दुसरी खुर्ची बाबा रोज आणायचे?" लतिकाने विचारलं.

"रोज."

"शेवटच्या दिवशीपण?"

वॉल्टर रुळांकडे पाहत राहिले. "शेवटच्या दिवशीपण," ते म्हणाले.

लतिका माझ्यावर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली.

मित्रांनो, वॉल्टर खोटं बोलले. मला वाचा असती तरी मी तिला खरं सांगितलं नसतं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्हाला अजून वेळ आहे. वस्तूंची निगा राखा, असं खरं तर माझ्यासारख्या जुन्या खुर्चीने सांगायचं. पण आमचं काय, आम्ही खुंटीवर वर्षानुवर्षं टिकतो. घरातलं कुणी तुम्हाला "येतेस का?" असं विचारत असेल, तर त्यांचं विचारणं बंद व्हायच्या आत उठा, आणि त्यांच्याबरोबर जा.